नकाशा बदललेले पोट

रात्री पोट दुखते म्हणून ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या एखाद्या रुग्णालयाच्या आपत्कालीन कक्षात आणलेल्या माणसाला जे पहिले चार-पाच प्रश्न विचारले जातात, त्यांत ‘पहले कोई ऑपरेशन हुआ है क्या?’ हा असतोच. घरात मराठी बोलणारे कुटुंबही येथे उत्तर हिंदीतच देते : ‘हाँ, मोटापे का हुआ था, पुणे में.’ नेमके कोणते, हे बहुधा सांगता येत नाही. समोरच्या निवासी डॉक्टरला या उत्तरातून एवढेच कळते की या पोटातले आतडे पाठ्यपुस्तकात दाखवल्याप्रमाणे असेलच असे नाही. ते कसे आहे हे मात्र कळत नाही. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्याचे जे त्रास उद्भवतात, त्यांतले बहुतेक वेळेवर ओळखले तर बरे होण्याजोगे असतात. अडचण अशी की त्यांतले सर्वांत घातक त्रास उशिरा येतात, शस्त्रक्रिया झाली त्या गावापासून दूर येतात, आणि ज्याला यश म्हटले जाते त्या वजनघटीच्याच पोटी येतात. या तीन गोष्टी एकत्र आल्या की बरा होणारा आजारही जिवावर बेततो, आणि ग्वाल्हेरसारख्या शहरांत त्या एकत्र येण्याची शक्यता वाढत चालली आहे असे मला वाटते.

आधी हे स्पष्ट केले पाहिजे की हा लेख शस्त्रक्रियेविरुद्ध नाही. तीव्र लठ्ठपणा आणि त्याबरोबर येणारा मधुमेह यांवर आज उपलब्ध असलेल्या उपायांत या शस्त्रक्रियांचा परिणाम सर्वांत टिकाऊ आहे, आणि ज्याला त्यांची खरी गरज आहे त्याने भीतीपोटी त्या टाळणे हीदेखील हानीच आहे. प्रश्न शस्त्रक्रियेनंतरच्या वीस-तीस वर्षांचा आहे.

‘मोटापे का ऑपरेशन’ या एका नावाखाली प्रत्यक्षात निदान तीन निरनिराळ्या रचना येतात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी नळी ठेवतात. आतड्याला हात लावत नाहीत. रू-एन-वाय बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला वीस-तीस मिलिलिटरची लहानशी पिशवी वेगळी करतात, लहान आतडे छेदून त्याचा खालचा भाग वर आणून त्या पिशवीला जोडतात, आणि पित्त व स्वादुपिंडाचा रस वाहणारा भाग शे-दीडशे सेंटिमीटर खाली पुन्हा मुख्य प्रवाहाला आणून मिळवतात. तिसरी ‘मिनी बायपास’ किंवा एकजोड बायपास. तिच्यात लांबट पिशवीला आतडे एकाच ठिकाणी जोडले जाते, आणि दीडशे ते दोनशे सेंटिमीटर आतडे अन्नाच्या वाटेतून बाजूला पडते. ही तिसरी शस्त्रक्रिया भारतात बरीच केली जाते. तिन्ही दुर्बिणीने होतात. म्हणजे पोटावरच्या चार-पाच बारीक व्रणांकडे पाहून आत काय केले आहे ते सांगता येत नाही. पित्ताशय काढल्याचे व्रणही साधारण तसेच दिसतात.

रू-एन-वाय बायपासमध्ये जो सर्वांत घातक त्रास संभवतो, त्याची यंत्रणा नीट समजून घेण्यासारखी आहे. लहान आतडे पोटात मोकळे तरंगत नसते. मेसेंटरी नावाच्या, चरबीने भरलेल्या दुहेरी पडद्याने ते पाठीमागच्या भिंतीला बांधलेले असते, आणि त्याचा सगळा रक्तपुरवठा याच पडद्यातून येतो. आतडे छेदून त्याचे एक टोक वर नेले की या पडद्यांमध्ये पूर्वी नसलेल्या फटी तयार होतात : एक खालच्या जोडापाशी, दुसरी वर नेलेल्या आतड्याच्या मागे. ही दुसरी फट पीटरसन या जर्मन शल्यविशारदाच्या नावाने ओळखली जाते. त्याने १९०० साली तिचे वर्णन केले, तेव्हा वजनासाठी कोणी पोट उघडत नव्हते. शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्ण लठ्ठ असतो, पडदे चरबीने जाड असतात आणि फट जवळजवळ मिटलेली असते. पुढच्या बारा ते अठरा महिन्यांत वजन उतरते. उतरणाऱ्या चरबीत या पडद्यांचीही चरबी असते. पडदा पातळ होतो, फट रुंद होते, आणि एखाद्या दिवशी आतड्याचे वेटोळे तिच्यातून पलीकडे सरकते. त्याला अंतर्गत हर्निया म्हणतात. वेटोळे अडकून त्याला पीळ पडला तर आधी शिरा दबतात, मग धमन्या, आणि काही तासांत ते आतडे मरू लागते.

या प्रक्रियेतला दुवा पुन्हा पाहावा, कारण सगळी चिंता त्यातून निघते. शस्त्रक्रिया जितकी यशस्वी, तितकी फट मोठी होण्याची शक्यता अधिक. दुर्बिणीच्या तंत्राचा जो गुण आहे, की पोटात आतडी एकमेकांना कमी चिकटतात, तोच येथे दोष ठरतो. चिकटलेली आतडी निदान जागेवर राहिली असती. शस्त्रक्रियेच्या वेळीच या फटी शिवून घ्याव्यात की नाहीत यावर बराच काळ मतभेद होते. स्वीडनमधील बारा केंद्रांत २,५०७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसले की फटी न शिवलेल्या गटात आतड्याच्या अडथळ्यासाठी तीन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण १०.२ टक्के होते, शिवलेल्या गटात ५.५ टक्के. मात्र शिवलेल्या गटात पहिल्या तीस दिवसांतल्या गंभीर गुंतागुंती थोड्या वाढल्या, २.८ वरून ४.३ टक्क्यांवर, कारण शिवताना खालचा जोड मुडपण्याचा धोका असतो. फायदा शिवण्याच्या बाजूने झुकतो. पण धोका शून्यावर येत नाही, आणि आपल्या फटी शिवल्या आहेत की नाहीत हे रुग्णाला स्वतःला जवळजवळ कधीच माहीत नसते.

आता हा आजार दिसतो कसा ते पाहू. जेवणानंतर पोटाच्या वरच्या किंवा डाव्या भागात कळ येते, कधी पाठीत जाते, तासा-दोन तासांत थांबते. वेटोळे आत जाते आणि आपोआप बाहेर येते, त्यामुळे असे आठवडेच्या आठवडे चालू शकते. पोट फुगत नाही. आतड्याच्या अडथळ्यात ज्या हिरव्या उलट्यांची डॉक्टर वाट पाहतो, त्या होतातच असे नाही, कारण पित्ताची वाट आता जठराच्या पिशवीपासून तोडलेली असते. आणि बायपास झालेल्या माणसाला हिरवी उलटी झालीच, तर अडथळा खालच्या जोडाच्याही पलीकडे आहे असे समजून घाई करावी लागते. साधा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, रक्ताच्या चाचण्याही. नाकातून घातलेली नळी इवल्याशा पिशवीत पोहोचते. मागे उरलेले मोठे जठर आणि पित्त वाहणारे आतडे बंद खोलीसारखे फुगत असले तरी तिथपर्यंत ती जात नाही. सीटी स्कॅनमध्ये मेसेंटरीच्या रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या वळलेल्या दिसल्या तर निदान होते, पण ते चित्र वाचणाऱ्यालाही आधी बायपासची रचना ठाऊक असावी लागते. आणि स्कॅन निर्दोष असूनही कळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर दुर्बीण घालून आत पाहणे हाच मान्य मार्ग आहे. बायपासनंतर गर्भार राहिलेल्या स्त्रीमध्ये, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, वाढणारे गर्भाशय आतडी वर ढकलते तेव्हा हा धोका आणखी वाढतो, आणि त्या वेळची पोटदुखी बाळंतपणाच्या खात्यात जमा होते.

याच्या उलट बाजूला आपल्याकडची प्रथमोपचाराची रूढ पद्धत आहे. पोट दुखते, उलट्या होतात, अशा माणसाला गल्लीतल्या दवाखान्यात डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन आणि ग्लुकोजची बाटली मिळते. बहुतेक पोटांना ते चालून जाते. बायपास झालेल्या पोटात या गटातली वेदनाशामके जोडाच्या कडेला व्रण करू शकतात आणि तो व्रण फुटू शकतो. शिवाय कळ दबल्यामुळे पीळ पडलेले आतडे आणखी काही तास झाकले जाते. ग्लुकोजची बाटली अधिक काळजीची. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, शरीरात जेमतेम दोन-तीन आठवड्यांपुरते साठलेले असते. ज्याचे खाणे आधीच मूठभर आहे त्याला दहा-पंधरा दिवस उलट्या झाल्या तर हा साठा संपतो, आणि त्या अवस्थेत थायमिन न देता नुसते ग्लुकोज शिरेतून दिले तर उरलेसुरले थायमिन ते पचवण्यात खर्च होऊन मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो : डोळे फिरणे, तोल जाणे, गोंधळणे, आणि पुढे स्मृती जाणे. एक स्वस्त इंजेक्शन आधी दिल्याने हे टळते. ते देण्याची आठवण होण्यासाठी रुग्णाच्या पोटाचा इतिहास मात्र कळावा लागतो.

स्लीव्ह झालेल्यांना आतड्याची काळजी नाही, असे समजणेही बरोबर नाही. त्यांना फटीचा धोका नाही. पण पहिल्या काही आठवड्यांत आतड्यातून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन आतड्याला सूज येण्याची, क्वचित ते मरण्याची शक्यता असते, आणि शरीरातले पाणी कमी पडणे हे तिचे एक मान्य कारण आहे. ज्याला एका वेळी चार घोटांपेक्षा अधिक पाणी पिता येत नाही, त्याने मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, ऑपरेशननंतर आठवड्याभरात घरी परतणे म्हणजे काय, हे ग्वाल्हेरच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

दुसरा मोठा गट रोजच्या त्रासाचा आहे. त्यात मृत्यू दारात नसतो, म्हणून तो दुर्लक्षिला जातो : जुलाब, दुर्गंधी वारा, तेलकट मळ, किंवा उलट टोकाला आठ-आठ दिवसांचा बद्धकोष्ठ. यांतल्या जुलाबांमागे निरनिराळ्या यंत्रणा असू शकतात आणि त्यांचे उपायही निरनिराळे आहेत. अन्न आणि पाचक रस उशिरा भेटल्यामुळे चरबी न पचणे ही एक; न शोषलेले पित्ताम्ल मोठ्या आतड्यात उतरून तेथे पाणी ओढणे ही दुसरी; बाजूला पडलेल्या आतड्यात जंतूंची वाढ होणे ही तिसरी; दुधातली साखर न पचणे ही चौथी. पहिलीला स्वादुपिंडाची विकरे लागतात, दुसरीला पित्ताम्ल बांधणारे औषध, तिसरीला प्रतिजैविक, चौथीला फक्त दूध सोडणे. सगळ्यांना जुलाब थांबवणारी एकच गोळी देणे म्हणजे कारण न शोधण्याचा निर्णय घेणे आहे. बद्धकोष्ठाचे कारण बहुधा साधे असते : कमी पाणी, कमी भाजी आणि लोहाच्या गोळ्या. त्यापायी लोहाच्या गोळ्या मनानेच बंद केल्या जातात आणि वर्षभराने रक्तक्षय उभा राहतो.

एकजोड बायपासमध्ये या गटाचे वजन अधिक आहे. फ्रान्समधल्या नऊ केंद्रांत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘योमेगा’ चाचणीत दोनशे सेंटिमीटर आतडे बाजूला टाकणाऱ्या एकजोड बायपासची रू-एन-वायशी तुलना केली गेली. दोन वर्षांत वजनघट तुल्य होती. पण शस्त्रक्रियेशी संबंधित गंभीर घटना एकजोड गटात ४२ आणि रू-एन-वाय गटात २४ झाल्या, आणि ४२ पैकी ९ कुपोषणाच्या होत्या, तर २४ पैकी एकही नव्हती. यावरून ती शस्त्रक्रिया वाईट ठरत नाही. किती आतडे बाजूला टाकले यापेक्षा किती उरले हा प्रश्न महत्त्वाचा आहे, एवढे मात्र ठरते; कारण लहान आतड्याची एकूण लांबी माणसागणिक कित्येक मीटरने बदलते, आणि दोनशे सेंटिमीटर वगळणे हे आठ मीटरच्या आतड्यात किरकोळ तर चार मीटरच्या आतड्यात निम्मे असते. हा धडा नवा नाही. १९५४ पासून अमेरिकेत लहान आतड्याचा बहुतांश भाग वगळणारी जेजुनो-इलिअल बायपास केली जात होती. वजन हमखास उतरे. पुढे असह्य जुलाब, मूत्रखडे आणि यकृत निकामी होणे इतके वाढले की ऐंशीच्या दशकापर्यंत ती सोडून द्यावी लागली, आणि अनेकांचे आतडे पुन्हा जोडावे लागले. आजच्या शस्त्रक्रिया तिच्याहून पुष्कळ सुरक्षित आहेत. त्या सुरक्षित आहेत हे मात्र कळले ते वर्षानुवर्षे रुग्ण मोजत राहिल्यामुळे, आणि मोजत राहणे हीच आपल्याकडची कच्ची बाजू आहे.

खाण्याचा प्रश्न येथे स्थानिक होतो. ग्वाल्हेर-मुरैन्याकडे थंडीत गजक घराघरांत असते : तीळ आणि गूळ किंवा साखर. बायपास झालेल्या माणसाने रिकाम्या पोटी दोन-तीन तुकडे खाल्ले तर साखर सरळ लहान आतड्यात उतरते, रक्तातले पाणी आतड्यात ओढले जाते, आणि अर्ध्या तासात छाती धडधडणे, घाम, पोटात मुरडा, जुलाब असा झटका येतो. दीड-दोन तासांनी इन्शुलिनच्या उसळीमुळे रक्तशर्करा खाली येऊन दुसरा झटका येऊ शकतो. हे दोन झटके वेगळे आहेत हे माहीत नसेल, तर दुसऱ्या झटक्यावर घरातले लोक पुन्हा साखरच देतात. जीव सावरतो, पण चक्र सुरू राहते. तिळाची दुसरी बाजू ऑक्झलेटची आहे : न पचलेली चरबी आतड्यातले कॅल्शियम बांधून घेते, मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शिरते आणि मूत्रपिंडात खडे करते. कॅल्शियम जेवणाबरोबर आणि शक्यतो सायट्रेटच्या रूपात घ्यायला सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे. सण वर्ज्य करावेत असे कोणी सांगत नाही. कशाने काय होते हे कळले तर जेवणाच्या शेवटी एक तुकडा खाता येतो.

या त्रासांबद्दल आपल्याकडे बोलले जात नाही. एकत्र कुटुंबातल्या सुनेने आपला मळ तेलकट आहे, वाऱ्याचा वास असह्य आहे हे कोणाला सांगायचे? ती लग्नकार्याला जाणे टाळते, प्रवासाआधी उपाशी राहते, आणि तिचे वजन आणखी उतरते. वजन उतरणे येथे शुभवार्ता असल्यामुळे कोणी विचारत नाही. याच आंधळ्या जागेत क्षयरोग लपू शकतो. जठर किंवा आतड्याच्या अशा शस्त्रक्रियांनंतर क्षय उफाळण्याचा धोका वाढतो हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि आतड्याचा क्षय म्हणजे पोटदुखी, जुलाब व वजनघट. ज्या माणसाकडून वजनघटीचीच अपेक्षा आहे, त्याच्यात हे लक्षण लक्षण म्हणून वाचले जात नाही. बातम्यांनीही आपल्याला तसेच वाचायला शिकवले. २०११ मध्ये नितीन गडकरी यांची आणि २०१७ मध्ये मुंबईत इजिप्तच्या इमान अहमद यांची शस्त्रक्रिया मराठी घरांत चर्चेचा विषय झाली. दोन्ही वेळा चर्चेचे एकक किलो हेच होते.

आता अंतर. ग्वाल्हेरची मराठी कुटुंबे अशा शस्त्रक्रियेसाठी इंदूर, दिल्ली किंवा, नातेवाईक आहेत म्हणून, पुणे-मुंबई गाठतात, आणि त्यात काही चूक नाही. अनुभवी केंद्र निवडणे शहाणपणाचेच आहे. पण पुण्याहून झेलमने किंवा गोवा एक्सप्रेसने परत यायला जवळजवळ एक अख्खा दिवस लागतो, आणि पीळ पडलेल्या आतड्याजवळ एवढा वेळ नसतो. म्हणजे संकटाच्या रात्री रुग्ण मूळ शल्यविशारदाकडे जाऊ शकत नाही. त्याला जवळच्याच टेबलावर जावे लागते, आणि कंपूच्या परिसरात ते टेबल बहुधा गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या जयारोग्य रुग्णालयाचे असते. १९४६ पासून येथे शल्यचिकित्सक घडत आहेत. अडकलेले आतडे सोडवण्याचे कौशल्य येथे नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कमतरता माहितीची आहे, आणि ती माहिती पाचशे किंवा हजार किलोमीटरवरच्या एका फायलीत असते.

ही फाईल रुग्णाबरोबर का येत नाही, याचे उत्तर कोणाच्या दुष्टपणात नाही. शस्त्रक्रिया पॅकेज म्हणून विकली जाते : तपासण्या, ऑपरेशन, दोन-तीन रात्री, आहारतज्ज्ञाची एक-दोन सत्रे. पॅकेजला शेवटची तारीख असते. विमा नियामकाने २०१९ मध्ये अपवादांचे नियम एकसारखे केले तेव्हा ठरावीक निकषांत बसणारी ही शस्त्रक्रिया विम्याच्या कक्षेत येण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि ते चांगलेच झाले. पण विमा मुख्यतः भरती झालेल्या माणसाचा असतो, दरवर्षीच्या रक्ततपासण्यांचा आणि आजन्म घ्यायच्या जीवनसत्त्वांचा खर्च बहुधा खिशातूनच होतो. जे खिशातून करायचे ते बरे वाटू लागले की थांबते. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली टाकलेला तळ उठलाच नाही आणि त्याचे लष्कर हे शहर झाले. बदललेल्या आतड्याचेही तसेच आहे, तो मुक्काम तात्पुरता समजून केलेली व्यवस्था पुरत नाही.

पुढे काय संभवते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी शस्त्रक्रियेचे निकष सैल केले आणि आशियाई लोकांसाठी २७.५ बीएमआयपासून ती देऊ करावी असे सुचवले. त्यामागचा शास्त्रीय आधार विचार करण्याजोगा आहे, कारण आपल्या लोकांत कमी वजनावरही मधुमेह होतो. पण निकष सैल झाले की संख्या आधी वाढते, आणि उशिरा येणारे त्रास दोन ते दहा वर्षांनी मागून येतात. तोपर्यंत पॅकेज संपलेले असते, रुग्णाने गाव बदललेले असते, कदाचित शल्यविशारदानेही. २०२५ पासून भारतात मिळू लागलेली वजन उतरवणारी इंजेक्शने यात आणखी एक थर घालतील. ती जठराची हालचाल मंदावतात आणि बद्धकोष्ठ व मळमळ करतात. शस्त्रक्रियेनंतर वजन परत वाढले म्हणून ती घेणाऱ्या माणसाची मळमळ औषधाची की अडकलेल्या आतड्याची, हे ठरवणे अधिक अवघड होणार आहे.

यातले पुष्कळसे एका कागदाने बदलू शकते, असे मला विचारांती वाटते. घरी जाताना मिळणारे चार पानी डिस्चार्ज कार्ड त्यासाठी पुरत नाही. त्यात रक्तदाबाच्या नोंदी असतात आणि आतड्याच्या लांब्या नसतात. हवी आहे ती चार ओळींची नोंद, लॅमिनेट केलेली, आणि तिचा फोटो घरातल्या दोन माणसांच्या मोबाइलमध्ये. शस्त्रक्रिया होऊन वर्षे लोटली असली तरी ती मूळ रुग्णालयाकडे मागून पाहावी. ऑपरेशनची टिपणे मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. मजकूर साधारण असा : ‘लॅप्रोस्कोपिक रू-एन-वाय बायपास, अमुक तारीख. पित्त वाहणारा भाग ५० सेंमी, अन्न वाहणारा भाग १०० सेंमी. दोन्ही फटी न विरणाऱ्या धाग्याने शिवलेल्या. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नको. उलट्या असल्यास आधी थायमिन, मग ग्लुकोज. कळ पुन्हा पुन्हा येत असल्यास एक्स-रेवर विसंबू नये, शल्यचिकित्सकाला बोलवावे.’ तो हिंदीत आणि इंग्रजीत असावा, कारण रात्री दोन वाजता कंपूत तो हातात घेणारा डॉक्टर मराठी वाचणारा असेलच असे नाही.